विडी चालते, पॅच नको

"पॅचमध्ये निकोटीनच असतं ना? मग हार्टच्या पेशंटला तो कसा चालेल?"

अँजिओप्लास्टी होऊन घरी निघालेल्या माणसाला विडी सोडायला पॅच सुचवला की त्याची बायको, नाहीतर थोरला मुलगा, हा प्रश्न हटकून विचारतो. विचारणारी माणसं अडाणी नसतात. त्यांनी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलेलं असतं आणि तिथे हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा, असं छापलेलं असतं. मग घरात बसून ठरतं की, विषावर विष कशाला, मनाचा निर्धार पुरे. नाशिकमधल्या सातपूरच्या कामगार वस्तीत हा निर्धार पंधरा दिवस टिकतो. पहिली पाळी पुन्हा सुरू झाली, गेटसमोरच्या टपरीवर चार जुने सोबती भेटले की पहिला झुरका 'एकच' म्हणून ओढला जातो. घरात कुणी फारसा आरडाओरडा करत नाही, कारण विडी ओळखीची असते. परका असतो तो पॅच.

या प्रकरणात मला एवढंच दाखवायचं आहे की, ही भीती चुकीच्या दारात उभी आहे.

प्रश्न मात्र रास्त आहे. निकोटीन हा काही भोळा पदार्थ नव्हे. तो शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं सोडायला लावतो. नाडी मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी वाढते, रक्तदाब पाच-दहा अंकांनी चढतो, रक्तवाहिन्या थोड्या आवळतात. ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या हृदयाला जास्त काम आणि कमी रक्त, अशी दोन्हीकडून ओढ बसते. औषधशास्त्राचं पुस्तक उघडून कुणीही हा तर्क मांडू शकतो, आणि तो मांडणाऱ्यांत डॉक्टरही होते. पॅच अमेरिकेत दुकानांत आला तो 1991 संपता संपता. मागणी इतकी की साठे संपले. आणि 1992च्या उन्हाळ्यात बातमी फुटली: पॅच लावून वर सिगारेटही ओढणाऱ्या काही जणांना हृदयविकाराचा झटका आला. वर्तमानपत्रांना याहून चांगला मथळा कुठे मिळणार? तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सल्लागारांची बैठक बोलावली. सल्लागारांनी कागद तपासले आणि पॅचला दोषी धरता येईल असा पुरावा नाही, असं सांगितलं. पण मथळा ज्याने वाचला, त्याने खुलासा वाचलाच असेल असं नाही. ती धास्ती तीस वर्षांनंतरही औषधाच्या खोक्यावर आणि घरातल्या बोलण्यात शिल्लक आहे.

त्या बातमीतली गफलत साधी होती. पॅच लावणारे सगळे धूम्रपान करणारे, बरेचसे पन्नाशीपुढचे, कित्येकांच्या धमन्या आधीच खराब. अशी लाखो माणसं एकत्र केली तर त्यांतल्या काहींना या आठवड्यात झटका येणारच, दंडावर पॅच असो वा नसो. तो पॅचमुळे आला की पॅच असतानाही आला, हे नुसत्या घटना मोजून कळत नाही. त्यासाठी दोन सारखे गट करून, एकाला खरा पॅच आणि दुसऱ्याला तसाच दिसणारा रिकामा पॅच देऊन बघावं लागतं.

ते बघितलं गेलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दहा रुग्णालयांत 584 हृदयरुग्ण घेतले; सगळे धूम्रपान करणारे. अर्ध्यांना दहा आठवडे निकोटीनचा पॅच, अर्ध्यांना रिकामा. अ‍ॅन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापला. मृत्यू, झटका, हृदय बंद पडणं किंवा आजार बळावून भरती होणं, यांतलं काहीतरी निकोटीनच्या गटात 5.4 टक्के लोकांना झालं. रिकाम्या पॅचच्या गटात 7.9 टक्के लोकांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याइतका मोठा नव्हता, म्हणून पॅचने हृदय वाचवलं असं कुणी म्हणू नये. पण पॅचने हृदय बिघडवलं असं म्हणायला तर तिथे काहीच जागा उरली नाही.

पुढच्याच वर्षी ह्यूस्टनमधून आलेलं काम मला याहून बोलकं वाटतं. जॉन महमारियन यांनी 36 हृदयरुग्णांना पॅच लावले. माणसं दिवसाला पाकीटभर ओढणारी. पॅच लावूनही सिगारेट पूर्ण सुटली नाही, फक्त कमी झाली. म्हणजे 1992च्या मथळ्यात ज्याची भीती घातली होती, नेमकी तीच अवस्था: पॅचही आणि सिगारेटही. त्यांना व्यायाम करायला लावून हृदयाच्या स्नायूचे थॅलियम स्कॅन काढले. रक्तातलं निकोटीन वाढलं होतं. तरीही रक्त न पोहोचणारा भाग आधी सुमारे 17.5 टक्के होता तो जास्त मात्रेच्या पॅचवर 12 टक्क्यांच्या आत आला. निकोटीन वाढलं आणि हृदयाला रक्त जास्त मिळालं! कोडं सुटलं ते रक्तातला कार्बन मोनॉक्साइड मोजल्यावर. सिगारेटी कमी झाल्या होत्या, म्हणून तो उतरला होता, आणि हृदयाची सुधारणा त्याच्या उताराशी जुळत होती.

हा धुरातला गुन्हेगार आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. त्याच्या जोडीला धुरातले बारीक कण आणि जळकट रसायनं. ती धमनीच्या आतल्या अस्तराला ओरखडे काढतात, रक्तातल्या बिंबिका चिकट करतात, गुठळी व्हायला अनुकूल वातावरण तयार करतात. स्टेंट बसवलेल्या माणसाला दोन-दोन गोळ्या रक्त पातळ राहण्यासाठी देतात ना, त्याच गोळ्यांच्या विरुद्ध दिशेला प्रत्येक झुरका ओढत असतो. आणि यासाठी फार धूर लागत नाही. 2018 साली 'बीएमजे'मध्ये आलेल्या अ‍ॅलन हॅकशॉ यांच्या आढाव्याने दाखवलं की, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जादा हृदयधोक्यापैकी जवळपास निम्मा धोका येतो. "आता दोनच ओढतो" हे फुफ्फुसाच्या हिशेबात थोडं तरी खपेल. हृदयाच्या हिशेबात खपत नाही.

आता निकोटीन पॅचमधून येतं तेव्हा काय होतं ते पाहू. सिगारेटचा झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचतं, तेही एकदम, उसळी मारून. पॅच ते कातडीतून हळूहळू सोडतो. रक्तातली पातळी चढायला काही तास लागतात, आणि चढली तरी सहसा ओढणाऱ्याच्या नेहमीच्या पातळीच्या निम्म्याच्या आसपास राहते. शिरेत एका दमात दिलेलं इंजेक्शन आणि थेंबथेंब जाणारं सलाइन यांत जो फरक, तोच इथे. शिवाय रोज ओढणाऱ्याचं हृदय निकोटीनला सरावलेलं असतं. नील बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी सिगारेट चालू असतानाच नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत पॅच लावून पाहिले; नाडी आणि रक्तदाब त्या प्रमाणात चढत गेले नाहीत. म्हणून 2013 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पॅच लावून सिगारेट ओढू नका ही सक्त सूचना खोक्यावरून काढायला परवानगी दिली. चुकून एक ओढली म्हणून पॅच उपटून फेकायचा नसतो. फेकायची ती उरलेली पाकिटं.

इथपर्यंतचा पुरावा सिगारेट ओढणाऱ्या परदेशी माणसांचा आहे, हे सातपूरचा चिकित्सक वाचक लगेच ओळखेल. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे एकूण प्रौढांच्या फक्त 3.8 टक्के, बाकी जवळपास सगळा कारभार तोंडातला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत खानदेशातून, दिंडोरी-पेठकडून आलेला कामगार आत असताना ओढत नाही, ओढू देत नाहीत. तो मशीनवर तळहातात तंबाखू-चुना मळतो, चिमूट ओठाखाली ठेवतो, आणि पाळी सुटली की बाहेर विडी शिलगावतो.

गंमत म्हणजे निकोटीनच्या च्युइंगगमचा जन्म नेमक्या याच सवयीतून झाला. 1967 साली स्वीडनमधल्या लुंडचे शरीरशास्त्रज्ञ क्लास लुंडग्रेन यांच्या लक्षात आलं की, पाणबुडीतल्या खलाशांना आत ओढायला बंदी असल्याने ते तोंडात तंबाखू ठेवून वेळ निभावतात, आणि निभतोही. त्यांनी हेल्सिंगबोर्गच्या औषध कंपनीतले मित्र उवे फर्नो यांना पत्र लिहिलं: धूर वगळून नुसतं निकोटीन तोंडातून देता येईल का? फर्नो स्वतः चांगलेच ओढणारे. दहा-अकरा वर्षांच्या खटपटीनंतर 1978 साली स्वित्झर्लंडमध्ये त्या गमला मान्यता मिळाली. पाणबुडीच्या जागी प्रेस शॉप ठेवा, माणूस तोच.

आणि रसायनही तेच. तंबाखूत चुना का मळतात? चुन्याने तोंडातला रस अल्कलीकडे झुकतो आणि निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात शिरतं. गम बनवणाऱ्यांनी चुन्याऐवजी सोड्याच्या जातीचे क्षार घातले. काम एकच. म्हणून गम चघळायची रीत तंबाखू खाणाऱ्याला सिगारेटवाल्यापेक्षा लवकर जमते: सावकाश दहा-पंधरा वेळा चावायची, जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चुणचुण गेली की पुन्हा दोन-चारदा चावायची, जागा बदलायची. अर्धा तास. पान खाल्ल्यासारखी भराभर चघळली तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, छातीत जळजळतं. हृदयरुग्णाला छातीत जळजळ म्हणजे काय वाटणार? तो घाबरून रिक्षा करतो आणि गमला कायमचा रामराम ठोकतो.

दुसरी अडचण चहाची. चहा, कॉफी, कोल्ड्रिंक यांनी तोंड आम्लाकडे झुकतं आणि गममधलं निकोटीन शोषलं जात नाही. कटिंग मारून लगेच गम तोंडात टाकणाऱ्याला वाटतं, औषधात दम नाही. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा बंद. सातपूरसारख्या ठिकाणी हे पथ्य विडी सोडण्याहून अवघड, हे मला मान्य आहे.

चहाचं आणखी एक प्रकरण आहे, ते डॉक्टरही सांगायचं विसरतात. तंबाखूच्या धुरातली काही रसायनं यकृताला कॅफिन लवकर निकालात काढायला लावतात. धूर बंद झाला की यकृत मूळ गतीवर येतं आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तात कॅफिन पूर्वीपेक्षा बरंच जास्त साठतं. विडी सुटली, पॅच लागला, दिवसाचे सात चहा मात्र तेवढेच. चौथ्या-पाचव्या दिवशी छातीत धडधड, झोप नाही. नाव कुणाचं? पॅचचं. चहा निम्म्यावर आणा, मग बघा. ज्यांना वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांनी विडी सोडल्यावर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी चाचणी) एकदा लवकर तपासून घ्यावा. कारण तेच यकृत.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य, पानातली, 'आयुर्वेदिक' म्हणून मनातून माफ करणारी माणसं नाशिक जिल्ह्यात पुष्कळ. शेजारचं सिन्नर तर विड्या वळणाऱ्या हातांचं गाव. विडीच्या पानातून हवा खेळत नाही, ती विझू नये म्हणून सारखे आणि जोराचे झुरके मारावे लागतात, आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर मिळतो. 'इंटरहार्ट' या 52 देशांतल्या अभ्यासात नुसती विडी ओढणाऱ्यांना हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या 2.89 पट आढळला. तिथेच तंबाखू चघळणाऱ्यांचा 2.23 पट, आणि दोन्ही करणाऱ्यांचा 4.09 पट.

हा मधला आकडा माझ्या युक्तिवादाला टोचणारा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. चघळण्यात धूर नाही, तरी धोका दुपटीवर? मग निकोटीन निर्दोष कसं? उत्तराचा एक भाग स्वीडनमध्ये आहे. तिथली ओठाखाली ठेवायची तंबाखू, स्नूस, वापरणाऱ्या पुरुषांच्या मोठ्या एकत्रित अभ्यासात झटक्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, जरी निकोटीन तिथेही भरपूर असतं. आपली तंबाखू वेगळ्या रीतीने पिकते, वाळते, मुरते. तिच्यात चुना, सुपारी आणि आणखी काय काय पडतं. निकोटीनच्या गममध्ये यांतलं काही नसतं. तरीही मी एवढं म्हणेन की, धोका शून्य हा शब्द कुणी वापरला तर त्याच्याकडे संशयाने पाहावं. 2014 साली एडवर्ड मिल्स यांनी अनेक चाचण्यांची बेरीज केली. निकोटीन घेणाऱ्यांत धडधडीसारख्या किरकोळ तक्रारी नक्की वाढल्या. झटका, पक्षाघात, मृत्यू यांतली वाढ मात्र सिद्ध झाली नाही. धडधड आणि झटका यांत अंतर आहे, आणि ते घरच्यांना समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती बाह्यरुग्ण विभागात कुणाकडे असतात, हा वेगळा प्रश्न.

मग सावधगिरी कुठे? गेल्या दोन आठवड्यांत झटका आलेला, छातीतलं दुखणं विश्रांतीतही वाढत चाललेलं, किंवा हृदयाचा ताल गंभीररीत्या बिघडलेला: या तीन अवस्थांत स्वतः औषधाच्या दुकानात जाऊन गम आणायची नाही. 'देऊच नका' असा याचा अर्थ नव्हे. निर्णय हृदयतज्ज्ञाचा, एवढंच. असा रुग्ण कॉटवरून उठून जिन्यात ओढतोय असं दिसलं, तर बरेच हृदयतज्ज्ञ त्याही अवस्थेत निकोटीन देतात, कारण पर्याय 'काहीच नको' हा नसतो. पर्याय जिना असतो. सुरुवातीला पॅचऐवजी गम देण्याकडे काहींचा कल असतो. तोंडातून काढली की चढाव थांबतो. पॅच काढला तरी कातडीतलं निकोटीन काही वेळ येतच राहतं. एमआरआयला जाताना पॅच काढून ठेवावा, काहींच्या पाठीला धातूचा पापुद्रा असतो. वापरलेला पॅच दुमडून टाकावा, लहान मूल हात लावेल अशा जागी नव्हे.

औषध किती, हा खरा घोळ. हृदयरुग्ण म्हणून घाबरत घाबरत 2 मिलिग्रॅमच्या दोन गम दिवसाला देतात. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी लागणाऱ्या माणसाला सुरुवातीला 4 मिलिग्रॅमची, तासा-दोन तासाला एक लागते. आपल्याकडे 2 मिलिग्रॅमची गम चिठ्ठीशिवाय मिळते, 4 मिलिग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणून ज्याला जास्त हवी, तोच कमी घेऊन हरतो. माजी सैनिकांच्या त्या अभ्यासातही चौदाव्या आठवड्याला पॅचवाले 21 टक्के सिगारेटमुक्त होते आणि रिकाम्या पॅचवाले 9 टक्के; चोविसाव्या आठवड्याला हेच आकडे 14 आणि 11 झाले. औषध बंद झालं, सोबत कुणी नव्हतं, माणसं परतली. सुरक्षिततेचा प्रश्न सुटला होता. टिकण्याचा सुटला नव्हता. पॅचच्या जोडीला गरजेप्रमाणे गम आणि कुणीतरी दर आठवड्याला विचारपूस करणारं, असं तिन्ही दिलं तर फळ नुसत्या पॅचपेक्षा बरं मिळतं. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा 1800-11-2356 हा मोफत क्रमांक त्या विचारपुशीसाठीच आहे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत 2022 साली निकोटीनची ही औषधं आली; सरकारी दवाखान्यात मागायला आता कागदाचा आधार आहे.

सातपूरच्या विमाधारक कामगाराकडे आणखी एक साधन आहे, ज्याकडे या नजरेने कुणी बघत नाही. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाच्या रजेचा भत्ता वर्षाला 91 दिवसांपर्यंत, पगाराच्या 70 टक्के दराने मिळतो. 91 दिवस म्हणजे तेरा आठवडे. पॅचचा पूर्ण कोर्स आठ ते बारा आठवड्यांचा. प्रत्येकाला एवढी रजा लागत नाही आणि डॉक्टर ती देतीलच असंही नाही, पण झटक्यानंतरचे जे काही आठवडे माणूस टपरीपासून लांब, घरी असतो, तेव्हाच पॅच सुरू झाला तर पुन्हा गेटवर जाण्याच्या दिवशी त्याच्या दंडावर पूर्ण मात्रेचा पॅच आणि खिशात गमचं पाकीट असतं. रजा संपायच्या आदल्या दिवशी सुरू केलेला पॅच, किंवा रुजू व्हायच्या दिवशीच संपणारा कोर्स, हे दोन्ही मोडतात.

हृदयविकार झाल्यानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न सोडणाऱ्यांपेक्षा 36 टक्क्यांनी कमी आढळलं, हा क्रिचली आणि केपवेल यांचा 2003 सालचा हिशेब. हृदयरुग्णाच्या चिठ्ठीवर असणाऱ्या कित्येक महागड्या गोळ्यांना एवढा आकडा गाठता येत नाही. तेव्हा घरच्यांनी विचारायचं ते असं: पॅच किती मिलिग्रॅमचा, गम कुठली आणि दिवसाला किती, रक्त पातळ करणारी गोळी आहे तर तपासणी कधी, आणि बारा आठवड्यांनंतरही तलफ राहिली तर पुढे काय. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर आज सांगतील की, गम आणखी काही महिने चालली तरी चालेल.